शेवटचा येईपर्यंत

आमच्या ग्रुपमध्ये एक किस्सा आहे. गेल्या बावीस वर्षांत तो मी किमान पन्नास वेळा सांगितला असेल. लग्नांत, बारशांना, कोजागरीला गच्चीवर, एकदा तर एका मित्राच्या वडिलांच्या तेराव्यानंतर वातावरण जरा हलकं करायला म्हणून. सांगायचं काम माझ्याकडेच असायचं, कारण तो मी चांगला सांगतो असं सगळे म्हणायचे.

किस्सा असा. डिसेंबर २००१. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष. आम्ही पाच जण राजगड-तोरणा करायला निघालो. पहिला मुक्काम राजगडावर, पद्मावतीच्या देवळात. झोपायच्या आधी मी तोरण्यावरच्या ब्रह्मपिशाच्चाची गोष्ट रंगवून सांगितली. (ही गोष्ट डोंगरात फिरणाऱ्या प्रत्येकाने कुणाकडून तरी ऐकलेली असते आणि कुणाला तरी ऐकवलेली असते.) दुसऱ्या दिवशी सकाळी बालेकिल्ला झाला, सुवेळा माची झाली, नेढ्यात बसून फोटो झाले आणि तोरण्याकडे निघेपर्यंत अकरा वाजून गेले. दिवसभर चाललो. संध्याकाळच्या सुमारास आमच्यातला एक जण मागे पडला. आम्ही चौघं वर पोचलो, मेंगाईच्या देवळात सामान टाकलं, चूल पेटवली, मॅगी शिजली, मॅगी संपली, तरी हा नाही. साडेआठच्या सुमारास काळोखातून हा आला. एका बुटाचा तळ सुतळीने बांधलेला, चेहरा रडून सुजलेला. म्हणाला, ‘‘मला एका म्हाताऱ्याने आणून सोडलं.’’ आम्ही बॅटरी मारून पाहिलं. कुणीच नव्हतं. कुठला म्हातारा? तर म्हणे, ‘‘होता. परत गेला.’’

इथे मी थांबायचो. मग आवाज खाली आणून विचारायचो, ‘‘त्याचे पाय बघितलेस का रे? सरळ होते का उलटे?’’

हशा.

तोरण्याच्या बुधला माचीच्या खाली, राजगडाकडून येताना, रडतोंडी नावाचा बुरूज आहे. तिथली चढण चढताना माणूस रडकुंडीला येतो, म्हणून ते नाव, असं म्हणतात. आमचा हा मित्र रडतोंडीवरून खरोखरच रडत आला, त्यामुळे त्याचं नाव रडतोंड्या पडलं. वापरून वापरून त्याचं तोंड्या झालं. आमच्या सगळ्यांच्या बायका त्याला त्याच नावाने ओळखतात. त्याच्या लग्नात मी माइक हातात घेऊन त्या नावाचा उगम सांगितला होता. नवरी हसली होती, तोही हसला होता. त्याची मुलगी सहावीत असताना तिने विचारलं होतं, ‘‘काका, बाबांना तोंड्या का म्हणता?’’ मी तिलाही सांगितला. पाय उलटे होते का, यावर ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

पुढचा लेखभर तो नुसता ‘तो’ असेल. खरं नाव लिहू नकोस असं त्याने सांगितलंय, आणि दुसरं लिहायची मला इच्छा नाही.

किस्सा खरा आहे. त्यात मी पदरचं काही घातलेलं नाही. फक्त एक गोष्ट गाळलेली आहे.

*

मी पुढे चालणारा माणूस. कॉलेजात असल्यापासून. वाट शोधायची, ढोरवाट कुठली आणि मळलेली वाट कुठली ते ओळखायचं, फाटा आला की दगडावर दगड ठेवून खूण करायची, अमुक वेळात अमुक ठिकाणी पोचायचं. सह्याद्रीत वाट सापडण्याची एक मस्ती असते. कारवीच्या दाट रानात शिरल्यावर मागचे चार जण विचारतात, ‘‘नक्की इकडूनच ना?’’ आणि आपण मागे न बघता म्हणतो, ‘‘या निवांत.’’ हे दोन शब्द माझे होते. सगळ्या ग्रुपला ते पाठ होते.

मग २०१७ साली माझ्या डाव्या गुडघ्यातली कूर्चा फाटली. कड्यावर वगैरे नाही. सोसायटीच्या जिन्यात, हातात पाण्याचा वीस लिटरचा जार घेऊन दुसऱ्या मजल्यावर जाताना. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन टाळू शकतो, पण वजन कमी करा आणि उतार जपून उतरा. वजन कमी होण्याऐवजी वाढलं. उतार जपून उतरण्याचा प्रश्नच आला नाही, कारण मी डोंगरात जाणंच सोडलं. सहा वर्षं. ग्रुपवर कुणी हरिश्चंद्रगडाचे फोटो टाकले की मी अंगठा दाखवायचो आणि फोन उलटा करून ठेवायचो.

२०२३ च्या डिसेंबरात बारक्या जर्मनीहून सुट्टीवर येणार होता. त्याने ग्रुपवर लिहिलं, ‘‘राजगड-तोरणा. परत. एका दिवसात.’’ अण्णाने लगेच यादी केली. पाचवा म्हणाला मुलीची परीक्षा आहे. ‘तो’ म्हणाला, येतो. मी म्हणालो, येतो. गुडघ्याबद्दल काही बोललो नाही. तीन महिने जिना चढ-उतार केला, फिजिओथेरपीच्या बाईंनी सांगितलेले व्यायाम केले, नीकॅप घेतली, दोन काठ्या घेतल्या. काठ्या पाहून बायको म्हणाली, ‘‘त्यांना सांग तरी आधी.’’ मी म्हणालो, ‘‘तिथे गेल्यावर बघू.’’

*

गुंजवण्यात एका घरी रात्री उतरलो. पिठलं, भाकरी, ठेचा. पहाटे पाचला निघालो. चोरदरवाज्याच्या वाटेने पद्मावती माचीवर पोचायला मला तीन तास लागले. बारक्याला पावणेदोन. तो वर तलावाजवळ घड्याळातली आकडेमोड बघत बसला होता. जर्मनीत तो रविवारी डोंगरांत पळतो. तळहातावर मावेल एवढा खाऊ खातो आणि त्यावर दिवसभर चालतो. अण्णाचं वजन माझ्याएवढंच आहे, पण त्याचे पाय वेगळ्या मातीचे आहेत.

चढ हा माझा प्रश्न नव्हता. दम लागतो, थांबतो, परत चालतो. प्रश्न पुढे होता.

राजगड ज्यांनी पाहिलाय त्यांना संजीवनी माचीबद्दल सांगायची गरज नाही, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. बालेकिल्ल्यापासून पश्चिमेला अडीचेक किलोमीटर लांब गेलेली ती सोंड, टप्प्याटप्प्याने खाली उतरत जाणारी, आणि तिला कडेने बिलगून गेलेली तटबंदी. काही ठिकाणी तट दुहेरी आहे. बाहेरची भिंत, आतली भिंत, मधे माणूस जेमतेम उतरेल एवढी चिंचोळी जागा. बुरूजही तसेच, एकाच्या पोटात दुसरा. बाहेरचा पाडून शत्रू आत आला तर तो त्या फटीत अडकणार. वरून बघताना ती माची एखाद्या जनावराच्या शेपटीसारखी दिसते, आणि आपण त्या शेपटीवरून चालत असतो, समोर तोरणा, मधे खाली-वर होत गेलेली सगळी डोंगरधार उघडी पडलेली. विशीतल्या मला ती धार बघून काय वाटलं होतं ते आठवतं: एवढंच? त्या सकाळी तीच धार बघून मी नीकॅपचा पट्टा आणखी एक घर आवळला.

अळू दरवाज्यातून बाहेर पडलं की उतार लागतो. डिसेंबरातलं वाळलेलं गवत, त्याखाली सुटा मुरूम. पाय ठेवला की सरकतो. विशीत आपण त्याच्याबरोबर सरकतो, मजा येते. आता प्रत्येक पाऊल काठीवर, मग उजवा, मग हळूच डावा. पंधरा मिनिटांत बारक्या आणि अण्णा दोन ठिपके झाले.

तो माझ्या मागे होता.

‘‘तू हो पुढे,’’ मी म्हणालो. ‘‘मी येतो माझा माझा.’’

‘‘असू दे. मला मागे चालायची सवय आहे.’’

यात टोमणा नव्हता. आम्ही चालत राहिलो. खिंडीत भुतोंड्याकडे जाणारा डांबरी रस्ता आडवा येतो, तिथे ते दोघं बसले होते. केळी खाऊन झालेली, साली एका पिशवीत बांधलेल्या. आम्ही पोचलो तसा अण्णा उठला, पाठीला सॅक लावली. ‘‘चला?’’

मी पाण्याची बाटली उघडत होतो. ‘‘हो, चला,’’ म्हणालो.

पुढच्या चढावर तो मागून म्हणाला, ‘‘हे तुला आता कळेल.’’

‘‘काय?’’

‘‘पुढचे थांबतात. मागचा येईपर्यंत त्यांची दहा मिनिटं विश्रांती होते. मागचा पोचला की ते ताजे झालेले असतात, उठतात, निघतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज असते त्याला ती मिळतच नाही. शिवाय पोचल्या पोचल्या त्याला वाटतं, आपल्यामुळे खोळंबा झालाय, म्हणून तो स्वतःच म्हणतो, चला.’’

मी थांबलो. वीस वर्षं ट्रेक लीड केले, कंपनीतल्या पोरांना घेऊन गेलो, सुरक्षिततेवर भाषणं दिली, आणि हे साधं गणित माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मी दर वेळी अभिमानाने म्हणायचो, ‘‘आपण मागच्यासाठी थांबतो.’’ थांबायचो. तो येईपर्यंत.

‘‘मग काय करायचं?’’

‘‘सोपं आहे. मागचा आला की घड्याळ लावायचं. तो आल्यापासून दहा मिनिटं. आणि पाणी मागच्याकडे ठेवायचं.’’ थोडं थांबून म्हणाला, ‘‘पाण्याचा कॅन कायम तुझ्याकडे असायचा.’’

*

खिंडीच्या पुढचा चढ संपल्यावर धारेवर दोन-तीन घरं आहेत. कुडाच्या भिंती, पत्रा, बाहेर म्हशी. सुट्टीच्या दिवशी तिथे ताक आणि लिंबू सरबत मिळतं. ते दोघं ताक पिऊन गेल्याचे पेले तिथे उपडे पडलेले होते. आम्ही ओट्यावर टेकलो. आतून पन्नाशीच्या बाई बाहेर आल्या, माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

‘‘आवं, यंदा उशीर केलात भाऊ. दिवाळी झाली की येता ना?’’

‘‘जमलं नाही वहिनी. आईचं दुखणं होतं.’’

‘‘बऱ्या हायेत का आता?’’

‘‘बरी आहे.’’

बाई आत गेल्या आणि ताकाबरोबर न सांगता दोन भाकऱ्या आणि लसणाची चटणी घेऊन आल्या. त्याने सॅकमधून एक पुडकं काढून दिलं. शाल होती, आणि त्यांच्या नातवासाठी रंगाची पेटी. मी ताकाचा पेला हातात धरून बघत राहिलो.

ज्या माणसाला आम्ही बावीस वर्षं डोंगरातला कच्चा लिंबू समजत होतो, तो या धारेवर दर वर्षी येत होता. बहुतेक वेळा एकटा. कधी वेल्ह्याकडून चढून, कधी सरळ खिंडीपर्यंत स्कूटरवर. मी विचारलं तेव्हा त्याने बोटं मोजली. सोळा वेळा. २००३ पासून, मधली काही वर्षं सोडून.

‘‘कशाला?’’

‘‘म्हाताऱ्याला भेटायला.’’

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं.

बाईंच्या सासऱ्यांचा फोटो आत भिंतीवर होता, कुंकवाचं बोट लावलेला. डोक्याला मुंडासं, गालफडं बसलेली, फोटो काढणाऱ्यावर किंचित चिडल्यासारखी नजर. ते वारले त्याला तेव्हा सात वर्षं झाली होती. पाय फोटोत आले नव्हते.

*

तिथून पुढे, धारेवरून चालताना, त्याने मला ती संध्याकाळ सांगितली. मी मागितली म्हणून. एरवी तो सांगत नाही.

दुपारी त्याच्या कॅनव्हासच्या बुटाचा तळ सुटला. त्याने ओरडून सांगितलं, आम्ही ‘बांध काहीतरी’ म्हणून पुढे गेलो. बांधायला सॅकची सुतळी सोडवण्यात वेळ गेला. मग एका फाट्यावर तो डावीकडे गेला. मी तिथे खूण केली होती, दगडावर दगड. म्हणजे मला तसं आठवतं. त्याला दगड दिसले नाहीत. ढोरवाट होती, कारवीतून आडवी गेली आणि हळूहळू पुसट होत उताराच्या तोंडाशी संपली. मागे वळला तर आलेली वाट दिसेना. उतार घसाऱ्याचा, बूट एक आणि अर्धा. तो कारवीचं झुडूप धरून बसला. सूर्य मावळला. त्याच्याकडे बॅटरी नव्हती. एक मोठी बॅटरी होती ग्रुपची, ती पुढे होती.

मग त्याने हाका मारल्या.

‘‘किती?’’ मी विचारलं.

‘‘मोजल्या नाहीत. घसा बसेपर्यंत.’’

मला पुढचं माहीत होतं. गाळलेली गोष्ट ती हीच.

आम्ही तेव्हा रडतोंडीच्या वर, माचीच्या तोंडाशी बसलो होतो. हाक ऐकू आली. स्पष्ट. माझं नाव घेऊन मारलेली. अण्णा उठून उभा राहिला होता. म्हणाला, ‘‘बघायचं का?’’ मी तेव्हा वीस वर्षांचा होतो, दिवसभर वाट न चुकता सगळ्यांना वर आणलं होतं, अंधाराच्या आत देवळात पोचायचं ठरवलं होतं, आणि मला कुणाच्या तरी लाडांसाठी परत खाली उतरायचं नव्हतं. मी म्हणालो, ‘‘नाटकं करतोय. भुताला घाबरला असेल.’’ सगळे हसले. मग मी तोंडाशी हात धरून खाली ओरडलो, ‘‘ये निवांत!’’ परत हशा. आणि आम्ही निघालो.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो होतो की त्याला ते ऐकू गेलं नसेल. वारा होता, अंतर होतं.

‘‘मला वाटलं माझा आवाजच पोचत नाहीये,’’ तो म्हणाला. ‘‘मग तुझा आवाज आला. मग हसणं आलं. मग मी हाका मारणं बंद केलं.’’

तो हे सपाट आवाजात सांगत होता, रस्ता सांगावा तसं. पुढे अर्धा-पाऊण तास तो तिथेच बसला. रडला तेव्हाच, नंतर नाही. म्हातारबा चुकलेलं वासरू शोधत त्या बाजूने आले. हाका त्यांनीही ऐकल्या होत्या, लांबून. त्यांनी आधी त्याला शिवी घातली, मग कोयत्याने कारवी सपासप तोडत त्याच्यापर्यंत वाट केली, हात धरून वर काढलं, आणि काळोखात रडतोंडी चढवून बुधला माचीच्या पलीकडे, जिथून देवळातली चूल दिसते तिथपर्यंत आणून सोडलं. वासरू अजून सापडलेलं नव्हतं, म्हणून ते लगेच परत फिरले. नाव त्याने विचारलं नाही. ते त्याला दोन वर्षांनी, शोधत आल्यावर कळलं.

‘‘वासरू सापडलं का?’’ मी विचारलं. दुसरं काही सुचेना.

‘‘सापडलं. सकाळी. पहिल्याच भेटीत त्यांनी तेच सांगितलं.’’

बराच वेळ आम्ही बोललो नाही. डावीकडे खाली दरीत एक ट्रॅक्टर चालत होता, त्याचा आवाज वरपर्यंत येत होता. मी विचारलं, ‘‘आम्हाला कधी बोलला का नाहीस? हे असं दर वर्षी येतोस ते?’’

‘‘तुम्ही त्याचाही किस्सा केला असता.’’

‘‘मग आमच्याबरोबर ट्रेकला का येत राहिलास?’’

त्याला हा प्रश्न विचित्र वाटला असावा. ‘‘तुम्ही बोलवायचात की,’’ तो म्हणाला.

नंतर, थोड्या वेळाने, मागूनच: ‘‘एक विचारू? तू किस्सा इतका छान सांगतोस. पाय उलटे होते का वगैरे. तो हाकेचा भाग का नाही सांगत?’’

म्हणजे प्रत्येक वेळी, पन्नासही वेळा, त्याच्या लग्नातसुद्धा, तो हसत हसत त्या भागाची वाट बघत होता.

मी मागे वळलो नाही. वळलो असतो तर काय बोललो असतो माहीत नाही. ‘‘मला वाटलं तुला माहीत नाही,’’ असं काहीतरी पुटपुटलो. हे उत्तर नव्हतं, त्यालाही कळलं, मलाही.

*

रडतोंडीपाशी आलो तेव्हा तीन वाजून गेले होते आणि माझा गुडघा संपला होता. दुखत होता ते सोडा. भरवसा गेला होता. डावा पाय वर टाकून त्याच्यावर वजन द्यायची वेळ आली की पाय थरथरायला लागायचा. चढ उभा, कातळाला मातीचा पातळ थर, आणि उजव्या हाताला बघावंसं वाटू नये असा उतार. अर्ध्यात मी एका खोबणीत उजवा पाय, डावा पाय हवेत, दोन्ही हात दगडाला, असा अडकलो. काठ्या केव्हाच त्याच्याकडे दिल्या होत्या.

‘‘खाली बघू नको,’’ तो म्हणाला. ‘‘डावा पाय मी धरतो. गुडघा वाकवू नको, सरळ ठेव, मी टेकवतो तिथे टेकव.’’

त्याने माझ्या बुटाचा तळ तळहातात घेतला आणि एका खाचेत नेऊन ठेवला. बुटावर हात दाबून धरला. ‘‘आता वजन दे. घसरणार नाही. इथे मी सोळा वेळा चढलोय.’’

एक पाऊल. परत तसंच. तिसऱ्याला मला धाप लागली, घाम डोळ्यांत गेला, आणि पोटातून एक भीती वर आली जी मला ओळखीची नव्हती. वरच्या टप्प्यावर दोराचा तुकडा अण्णाच्या सॅकमध्ये होता. पाणीही.

‘‘हाक मार त्यांना,’’ तो म्हणाला.

मला मारता येईना. खरंच सांगतो, घसा कोरडा म्हणून नाही. मी त्या ग्रुपमध्ये कधी कुणाला हाक मारली नव्हती. हाका मला यायच्या. नाव घेऊन ‘थांबा, मला जमत नाहीये’ एवढं ओरडायचं होतं, आणि त्यासाठी जे काही आतून मोडावं लागतं ते मोडायला मला त्या कातळाला चिकटून बहुधा दोन मिनिटं लागली. वीस वर्षांच्या पोराने ते अंधारात, घसा बसेपर्यंत केलं होतं.

मी ओरडलो. ‘‘अण्णाऽ! थांबा रे!’’

काही नाही. वारा.

‘‘जोरात.’’

‘‘अण्णाऽऽ! बारक्याऽऽ!’’

आणि वरून, माचीच्या तोंडाशी कुठूनतरी, बारक्याचा मजेत, आरामात आवाज आला: ‘‘या निवांत!’’

माझ्या बुटावरचा त्याचा हात हलायला लागला. मला वाटलं तो घसरतोय. मान वाकडी करून बघितलं तर तो हसत होता. आवाज न करता, खांदे गदगदा हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ‘‘सॉरी,’’ तो म्हणत होता, ‘‘सॉरी, हलू नको, सॉरी,’’ आणि परत हसत होता. मग मलाही हसू फुटलं. तशा जागी हसणं फार धोक्याचं असतं, कुणी करू नये.

अण्णा आला. दहा मिनिटांनी, दोर आणि पाण्याची बाटली घेऊन, एकटा. माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, काही विचारलं नाही. वर गेल्यावर त्याने त्याची सॅक माझ्या पाठीमागे लावून मला बसवलं. मी म्हणालो, चला. अण्णा म्हणाला, ‘‘बस रे.’’

*

तोरण्यावर फार वेळ मिळाला नाही. मेंगाईच्या देवळापाशी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. इतक्या वेळा इथे आलो, पण राजगडाकडे तोंड करून बसायचं कधी सुचलं नव्हतं. नजर कायम पुढच्या गोष्टीवर. तिथून सकाळपासून चाललेली सगळी धार दिसते. संजीवनीची शेपटी, खिंड, पुढचा चढ, आणि धारेवर चमकणारा एक पत्रा. त्याने बोट करून दाखवला नाही. मी शोधून काढला.

बिनी दरवाज्याने वेल्ह्यात उतरायला रात्रीचे साडेनऊ झाले. कपाळाला दिवे बांधून, मी पुढे, माझ्या वेगाने, बाकी तिघं माझ्या मागे. हे अण्णाने ठरवलं. बारक्याला ते जड गेलं. दर वळणावर तो काहीतरी आकडे सांगत होता, मग गप्प झाला. तालुक्याचं नाव आता बदलून राजगड झालंय, पण तेव्हा ते वेल्हेच होतं आणि आमच्या तोंडी तेच राहणार आहे. गाडीवाला पोरगा बाहेर वाट बघत ताटकळला होता. एका खानावळीत शेवटची भाजी आणि गरम भाकरी मिळाली. त्या पोरालाही आम्ही आमच्याबरोबर जेवायला बसवलं.

पोरगा म्हणाला, ‘‘काका, तोरण्यावर भूत आहे म्हणतात, खरं का?’’

बारक्याचा चेहरा उजळला. ‘‘अरे! हे तर आमच्या तोंड्याला विचार! तू सांग रे, तूच सांग, तुझ्यासारखा कुणी सांगत नाही.’’

म्हणजे मला.

मी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. समोर तो कांदा फोडत होता. वर बघितलं नाही.

‘‘डिसेंबर २००१,’’ मी सुरुवात केली. पद्मावतीचं देऊळ सांगितलं. पिशाच्चाची गोष्ट मीच सांगितली होती, हेही सांगितलं. बूट फाटला ते सांगितलं. पोरगा कान देऊन ऐकत होता. बारक्या पुढच्या जागेवर हसायला आतापासूनच तयार बसला होता.

‘‘आम्ही चौघं माचीच्या तोंडाशी बसलो होतो,’’ मी म्हणालो. ‘‘अंधार पडत होता. खालून याची हाक आली.’’

बारक्या थांबला. ‘‘हाक? कुठली हाक?’’ त्याने अण्णाकडे बघितलं.

अण्णा ताटाकडे बघत होता.